ढील

एर्मेलिंडा सिस्टर चोडणहून पहिल्या फेरीनं आली.
बोटीची फळी धक्क्यावर आपटली तेव्हा
मी अजून शटरच्या कुलपाशी भांडत होतो.
म्हणाली, सपाटीवर घोडा आहे रे ही,
पण चिंबलचा चढ लागला की हिला धाप लागते.
मागून कदंबा हॉर्न मारते, ड्युटीला उशीर,
आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये सायबाचं नाव घेत.
पणजीच्या शोरूमनं सांगितलंय, टर्बो बदला.
आकडा तिनं तोंडानं उच्चारला नाही. कागद दाखवला.
मी तो घडी घालून परत दिला.

स्कॅनर लावला. पी-शून्य-शून्य-तेहतीस.
टर्बोच्या बायपास व्हॉल्व्हचं सर्किट.
इथंच माणूस घसरतो, मीही घसरलोय.
कोड म्हणजे तक्रार, चोराचं नाव नव्हे.
अमक्या वाड्यावर ओरडा ऐकू आला
एवढंच तो सांगतो. चालत जायचं आपण.

व्हॉल्व्हचा प्लग काढला.
कॉइल चौदा ओहम, ठणठणीत.
चावी फिरवली, एका तारेत बारा व्होल्ट, हवे तसे.
बॅटरी सोडली. दुसरी तार, जी कॉम्प्युटरकडे जाते,
तिच्या दोन टोकांना मीटरच्या दोन सुया.
पीं.
म्हणजे सगळं चांगलं.
सगळं चांगलं निघालं की माझ्या पोटात खड्डा पडतो.

साबलो, माझ्या हाताखालचा पोर, म्हणाला,
उस्ताद, चढावर इंजिन मागं रेलतं ना?
मी त्याला चहा आणायला पाठवणार होतो.
त्याऐवजी म्हटलं, आण तो माडाचा सोट.
त्यानं सोट टेकवून इंजिन मागं रेटलं,
दोन बोटं, जास्त नाही.
मीटर गप्प.
सोडलं, पीं.
रेटलं, गप्प.
आम्ही ते सात-आठ वेळा केलं, गरज नसताना.

मग हात घातला आत, तारेच्या अंगाअंगानं.
ब्रॅकेटपाशी एक पांढरा टाय,
शेपूट तिरकं कापलेलं.

असं मीच कापतो. डाव्या हातानं.
दोन वर्षांपूर्वी हिला फॉग लॅम्प बसवले होते,
जुडगा असा देखणा आवळला होता
की गिऱ्हाइकाला बॉनेट उघडून दाखवला.
तारेला हलायला जागा ठेवली नव्हती.
चोवीस महिने प्रत्येक चढावर इंजिन तिला ओढत राहिलं.
वरची कातडी शाबूत वाटत होती. नखानं दाबली तर पोकळ,
आणि चिरेतून हिरवी भुकटी, मांडवीच्या खाऱ्या हवेची.

वीतभर तार कापून टाकली. नवी जोडली, सोल्डर केलं,
स्लीव्ह लायटरवर आखडवली.
आणि या वेळी एक झोल सोडला, दिसायला गबाळा.

चिंबलचा चढ तिसऱ्यात. मग चौथ्यात.
टर्बोची ती बारीक शीळ ऐकून
सिस्टर काही बोलली नाही, काच खाली केली.

बिल किती, तिनं विचारलं.
मी कापलेला टाय तिच्या तळहातावर ठेवला.
कुणाचा ते सांगितलं.
तिनं तो उलटा करून पाहिला, चष्मा वर सरकवून.
म्हणाली, आमच्याकडे टाके घालण्याआधी गॉझ मोजतात.
दोघांनी. मोठ्यानं.
मग म्हणाली, सोल्डरचे तरी घे,
आणि फेरी चुकेल म्हणून निघून गेली.

संध्याकाळी जुनं बिलबुक काढलं.
त्या मोसमात फॉग लॅम्पच्या अकरा गाड्या.
चार चोडणच्या, दोन दिवाडीच्या,
एक पिळगावचा टॅक्सीवाला, रोज घाट उतरणारा.
साबलो नंबर वाचू लागला.
त्याला म्हटलं, हळू वाच. आणि मोठ्यानं.